पहिल्या बाकावरची मान

शिक्षकांना बाकावर बसवलं की ते विद्यार्थ्यांपेक्षा वाईट वागतात. अध्यापक विकास केंद्राच्या सभागृहात त्या सकाळी हे कोणालाही दिसलं असतं. मागच्या दोन रांगा आधी भरल्या. इतिहासाच्या बाईंनी डबा लवकर उघडला होता. रसायनशास्त्राचे जावळे सर बाकाखाली मोबाइल धरून रावेरच्या बाजारातले केळीचे भाव बघत होते.

डॉ. हेमकांत बऱ्हाटे मात्र पहिल्या रांगेत ताठ बसले होते. विद्यापीठात ते अठ्ठावीस वर्षं उष्मागतिकी शिकवत होते. उष्णता कुठून कुठे जाते, का जाते आणि परत का येत नाही, याचं शास्त्र. त्यातही 'एंट्रॉपी'वरचा, म्हणजे सगळं आपोआप विस्कटत का जातं यावरचा, त्यांचा तास प्रसिद्ध होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. अशा उजळणी वर्गाची बऱ्हाटे सरांना गरज नाही, हे सगळ्यांना मान्य होतं आणि सरांना स्वतःलाही. ते आले होते ते ताहेराच्या कौतुकापोटी.

डॉ. ताहेरा पिंजारी त्यांचीच विद्यार्थिनी. मेंदूतल्या विद्युत्-लहरींवर पुण्यात संशोधन करून ती परत आली आणि या केंद्राची प्रमुख झाली. आता ती व्यासपीठावर उभी होती आणि तिच्या तळहातावर नखाएवढी, त्वचेच्या रंगाची एक चिकटपट्टी होती.

"ही तुमच्या वर्गातल्या काही मुलांनी मागच्या आठवड्यात कानामागे लावली होती," ती म्हणाली. "आपल्या मर्जीने. आणि कोणी लावली, हे तुम्हाला कळणार नाही."

"पूर्वी पट्टी आमच्या हातात असायची," जावळे सर मागून म्हणाले. "मुलं घाबरायची. आता त्यांच्या कानामागे गेली, आम्ही घाबरायचं."

हशा पिकला. ताहेराही हसली, पण थांबली नाही. "एखादा शब्द कानावर पडला की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदू त्याचा अर्थ आधीच्या शब्दांशी जुळवून बघतो. अर्थ जुळला तर लहर शांत राहते. जुळला नाही तर तिच्यात खळगा पडतो. पट्टी तेवढंच टिपते. मुलांचे विचार ती वाचत नाही, हुशारी मोजत नाही. आणि तुमचं व्याख्यान त्या बाकावर जसं ऐकू येतं तसं तिच्यातला माइक मुद्रित करतो. मग आम्ही दोन्ही एकत्र करतो. जिथे अर्थ जुळला तिथे तुमचा आवाज स्वच्छ ठेवतो. जिथे जुळला नाही तिथे तेवढा धूसर करतो. याला आम्ही प्रतिश्रवण म्हणतो. तुमचाच तास, पण दुसऱ्याच्या डोक्यात बसून ऐकायचा."

प्रत्येकापुढे पेटीतून एकेक हेडफोन आला. बऱ्हाटे सरांच्या पेटीवर लिहिलं होतं : आसन तीन. तास : एंट्रॉपी.

सरांनी डोळे मिटले. हा तास त्यांना तोंडपाठ होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे खडू ठेवून द्यायचा, सगळं ठरलेलं.

सुरुवातीला वाटलं, यंत्र बिघडलंय. त्यांचा आवाज येत होता, पण उशीतून आल्यासारखा. मग एकदम स्वच्छ : "म्हणजेच..." पुन्हा गुंगुं. "...म्हणून उघडच आहे की..." गुंगुं, बराच वेळ. "...आणि यावरून साहजिकच..." गुंगुं. "...समजतंय ना?"

आणि त्या प्रश्नानंतर लगेच एक बारीक आवाज. खस्स, खस्स.

सरांनी तो भाग पुन्हा ऐकला. मग पुढचा. दर वेळी तेच. वाक्यातले 'म्हणजे', 'म्हणून', 'अर्थातच' लख्ख ऐकू येत होते आणि त्यांच्या मधला सगळा माल धुक्यात गेला होता. 'समजतंय ना?' आलं की खस्स, खस्स.

आवाज कशाचा ते त्यांना एका क्षणात कळलं. कानामागची पट्टी केसांवर घासत होती. आसन तीनवरचं कोणीतरी मान हलवत होतं.

तासाच्या मध्यावर मात्र धुकं सरलं. सरांचे वडील भुसावळला वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. एकदा त्यांनी लहान हेमकांतला इंजिनात चढवलं होतं, आणि एवढी आग पेटवून त्यातली थोडीच चाकांपर्यंत पोचते, बाकीची गावाला ऊब देते, असं हसत सांगितलं होतं. ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्दन् शब्द ऐकू येत होती. सर दर वर्षी ठरवायचे की वेळ खाते, आता ही गाळायची. ती संपली, सर समीकरणाकडे वळले आणि पुन्हा उशी कानावर आली.

त्यांनी हेडफोन काढला. जावळे सरांनीही आपला काढला होता. मोबाइल खिशात गेला होता.

चहाच्या वेळी सरांनी ताहेराला खिडकीपाशी गाठलं. "आसन तीन म्हणजे रोशनी पावरा."

"सर! ओळखायचं नाही असं ठरलंय."

"मी शोधून नाही काढलं. मी तिच्याकडे बघूनच शिकवतो. वर्षभर. तिने मान हलवली की पुढे जातो." ते थांबले. "ती सातपुड्यातून आलेली मुलगी. कधी गैरहजर नाही. मला वाटायचं, सगळ्या वर्गात हिला नक्की कळतंय."

"आमच्या नोंदीत ती कोणीच नसते, सर. नुसतं आसन असतं. तुम्ही तिला काही बोलू नका. कृपा करून."

"मी काय लहान आहे का?" सर म्हणाले.

संध्याकाळी ते घरी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. शैलजाताई कोथिंबीर निवडत होत्या. सरांनी सकाळचं सगळं सांगितलं, समीकरणासकट. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या.

"मी बोलतो तेव्हा तुला कळतं का गं?"

"लग्नाला तीस वर्षं झाली," शैलजाताई म्हणाल्या, "आणि हे आज विचारताय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी जे केलं ते निव्वळ प्रेमापोटी केलं, आणि म्हणूनच ते वाईट झालं. त्यांनी तास हळू घेतला. प्रत्येक वाक्य दोनदा म्हटलं. तेच शब्द, थोड्या मोठ्या आवाजात. मग पहिल्या बाकाकडे वाकून ते म्हणाले, "रोशनी, हे कळलं का बाळा?"

रोशनीने मान हलवली.

"मान नको. तोंडाने सांग. नसेल कळलं तर नाही म्हण. मी रागावणार नाही."

पन्नास डोळे तिच्या पाठीवर रोखले गेले. "कळलं, सर," ती इतक्या हळू म्हणाली की सरांना तिचे ओठच दिसले.

"खरं सांग."

पुढच्या तासाला पहिला बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्या तासालाही. सर फळ्याकडून वळायचे, नजर त्या लाकडावर जायची आणि पुढचं वाक्य तोंडात येईनासं व्हायचं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते तास अर्ध्यावर सोडून बाहेर आले आणि सरळ ताहेराच्या खोलीत गेले.

तिने सगळं ऐकून घेतलं. आधी तिचा चेहरा लाल झाला. "मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं, सर." मग तिने कपाळाला हात लावला आणि तिला हसू यायला लागलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"सर, रागावू नका. तुमच्या तासाला मान हलवायचं काम दर वर्षी कोणालातरी दिलेलं असतं. वरच्या वर्गातली मुलं जाताना खालच्यांना सांगून जातात. बऱ्हाटे सरांसमोर एकजण बसवा, नाहीतर चोपड्याची पाचची बस गेली म्हणून समजा."

"काम?" सर म्हणाले.

"मान हलली नाही की तुम्ही तेच वाक्य पुन्हा म्हणता ना. मग पुन्हा. त्यात बस जायची. म्हणून एकाने पुढे बसायचं. आमच्यात त्याला मानकरी म्हणायचे. आमच्या वर्षी मी होते."

"तू?" सर खुर्चीत बसले. "तू तर पहिली आली होतीस."

"घोकून. एंट्रॉपी खरी कळली ती पुण्याला गेल्यावर, दोन वर्षांनी." तिने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "पण नुसतं बससाठी नव्हतं हो, सर. एकदा मी आजारी होते. दुसरं कोणी पुढे बसलं नाही. तुम्ही तीनदा तेच सांगितलंत, मग खडू ठेवला, खुर्चीत बसलात आणि म्हणालात, आज इथेच थांबू या. मुलं सांगत होती, बस वेळेत मिळाली तरी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी ताप अंगात घेऊन आले. आम्हाला तुम्ही आवडायचात. विषयाचं नंतर बघू म्हटलं."

सरांनी ग्लासाला हात लावला नाही. "म्हणजे मी इतकी वर्षं कोणाला शिकवलं?"

ताहेराने टेबलावरची नावांची यादी पुढे ओढली. ती म्हणाली, "उजळणी वर्गाचा शेवटचा भाग अजून राहिलाय. उलट तास. विद्यार्थ्याने शिकवायचं, पट्टी शिक्षकाने लावायची. आतापर्यंत एकाही सरांनी नाव दिलेलं नाही. जावळे सर म्हणाले, मला हृदयविकार आहे."

"आहे का?"

"नाही."

रोशनी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर मैत्रिणीबरोबर बोरं खात बसली होती. सर येताना दिसले तशी मैत्रिणीला आत विसरलेलं पुस्तक आठवलं. रोशनी उठून उभी राहिली.

"बस, बस." सर तिच्या खालच्या पायरीवर बसले. "तासाला येत नाहीस."

"बरं नव्हतं, सर."

"बोरं खाऊन बरं वाटतं?"

तिने ओंजळीतली बोरं त्यांच्यापुढे धरली. सरांनी एक घेतलं. दोघं थोडा वेळ बोरं खात राहिले.

"सर, मी सोडावं म्हणते. फिजिक्स. पुढच्या वर्षी बी.ए.ला जाते. माझ्या बहिणीने तेच केलं."

"मी सगळ्यांसमोर विचारलं म्हणून?"

"नाही... म्हणजे, तेही. पण आता सगळ्यांना माहीत झालंय ना, मला येत नाही ते. आधी निदान कोणाला माहीत नव्हतं."

"मग मान का हलवायचीस? बससाठी?"

"मी तर वसतिगृहात राहते, सर. मला कुठे बस असते?" ती जमिनीकडे बघून बोलत होती. "वरच्या वर्गातल्यांनी सांगितलं म्हणून बसले पहिल्यांदा. पण तुम्ही फळ्याकडून वळता ना, तेव्हा तुमचा चेहरा... आमच्या घरी बाबा भाजी करतात. वाढली की तसेच बघतात. चांगली झाली का म्हणून. मग काय म्हणणार माणूस?"

"मीठ कमी असेल तर?"

"बाबांना सांगते."

"मग मला का नाही सांगत?"

तिने विचार केला. "बाबा माझ्या हातचं पण खातात ना, सर. आणि नावं ठेवतात. म्हणून मला पण सांगता येतं."

बऱ्हाटे सरांनी हातातली बोराची बी पायरीवर ठेवली. मग त्यांनी तिला उलट तासाविषयी सांगितलं. "एंट्रॉपी तूच शिकव. जेवढी कळली असेल तेवढी. तुझ्या भाषेत, पावरीत. मी पट्टी लावून पहिल्या बाकावर बसतो."

"तुम्हाला काही कळणार नाही, सर."

"बघू तर."

"आणि सगळ्यांसमोर ऐकवतील, तुम्हाला कळलं नाही ते."

"हो," सर म्हणाले. "त्यानंतर तुला जायचं असेल तर जा. मी स्वतः अर्जावर सही करीन."

गुरुवारी वर्ग भरला. ताहेराने सरांच्या कानामागे पट्टी चिकटवली. ती गार होती. पहिल्या बाकावर बसल्यावर सरांना पहिली गोष्ट जाणवली ती ही की फळा फार उंच आहे, आणि तिथून बोलणारा माणूस फार मोठा दिसतो. रोशनीसुद्धा मोठी दिसत होती.

तिने पावरीत पहिलं वाक्य अगदी खालच्या आवाजात म्हटलं. धडगावकडची, पावरी बोलणारी तीन मुलं मागे बसली होती, ती पुढे सरकली. मग तिचा आवाज मोकळा झाला. सरांनी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. हात चालत होते, भुवया चालत होत्या. तिने फळ्यावर एक चौकोन काढला, मधोमध एक रेघ, एका बाजूला दाटीवाटीने ठिपके. मग तळहाताने रेघ पुसली. इथपर्यंत सर तिच्या हातांवरून बरोबर चालत होते. वायू पसरणार, पुन्हा आपणहून एका कोपऱ्यात जाणार नाही. छान.

मग तिने चौकोन सोडला आणि दुसरंच काही सांगायला लागली. घर असावं, किंवा डोंगर. मधूनच 'एंट्रॉपी' यायचं, एकदा 'टेम्परेचर' आलं. सर ते शब्द पकडायचे, पण त्यांना लोंबकळून पुढच्या शब्दापर्यंत पोचता येत नव्हतं. मागची तीन मुलं अचानक खो-खो हसली. त्यांचं बघून बाकीचा वर्गही हसला. सरही हसले. कशाला हसलो, हे त्यांना माहीत नव्हतं. डोक्यात एक कंटाळवाणा थकवा चढत होता, आणि त्याच्याखाली शाळकरी वयातली, केव्हाच विसरलेली एक लाज होती.

तेवढ्यात रोशनी फळ्याकडून वळली. हातात खडू, केस कपाळावर आलेले. तिने सरळ त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत एवढी आशा होती की सरांना तिच्या बाबांची भाजी दिसली.

आणि बऱ्हाटे सरांनी मान हलवली.

ती खुलली. पुढे गेली. अजून वेगाने. पुढची दहा मिनिटं सर मान हलवत होते आणि त्यांना ती थांबवता येत नव्हती.

तास संपल्यावर ताहेराने यंत्राला थोडा वेळ दिला आणि ध्वनिक्षेपक लावला. रोशनीचा आवाज आला, सुरुवातीला कुठे कुठे अर्धवट उजळलेला, मग पूर्ण धूसर. गुंगुं. "एंट्रॉपी." गुंगुं, गुंगुं. "टेम्परेचर." हसण्याचा लाटेसारखा आवाज, त्यात सरांचंही हसू, सगळ्यांत मोठं. मग शांतता. आणि खस्स, खस्स.

मग वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावलं. धडगावकडची मुलं बाकावर हात आपटत होती. ताहेरा डोळे पुसत होती. रोशनी तोंडावर ओढणी धरून हसत होती, आणि सर लालबुंद होऊन, कानामागची पट्टी ओढत, हसत होते.

हसू ओसरल्यावर ताहेराने काही न बोलता दुसरी फीत लावली. आसन तीन, सरांचा तास. ती लावायला रोशनीने सकाळीच होकार दिला होता. "म्हणजेच..." गुंगुं. "...म्हणून उघडच आहे की..." गुंगुं.

"अरे," मागचा एक मुलगा म्हणाला, "या फितीत जे ऐकू येत नाही तेवढंच त्या फितीत ऐकू येतंय."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी ते पुन्हा ऐकलं. सरांच्या कानी फक्त जड शब्द पोचले होते आणि ते एकमेकांना जोडणारं सगळं धुक्यात. रोशनीच्या कानी जोडणारे शब्द पोचले होते आणि जड ते धुक्यात.

रोशनी फळ्यापाशी आली. आता ती त्यांच्याकडे नजर वर करून बघत होती, आणि तिच्या आवाजात थोडा मास्तरी सूर आला होता. "सर, खरं सांगा. कुठे सुटलं तुमचं?"

सरांनी तोंड उघडलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः किती वर्गांना विचारला असेल याची गणती नव्हती. काय कळलं नाही ते सांगा, मी पुन्हा सांगतो. कोणी सांगायचं नाही, आणि त्यांना वाटायचं, मुलं भित्री आहेत. आता ते उत्तर शोधत होते आणि त्यांना दिसलं की वाट कुठे चुकली हे सांगायला आधी वाट माहीत लागते. चौकोनानंतर? घराच्या आधी? ते घर तरी होतं का?

वर्ग वाट बघत होता. बसची वेळ होत आली होती आणि कोणी उठत नव्हतं. मान हलवावी असं त्यांना पुन्हा एकदा फार वाटलं. त्यांनी ती घट्ट धरून ठेवली.

"रोशनी," बऱ्हाटे सर शेवटी म्हणाले, "तू अगदी सुरुवातीला, हळूच, एक वाक्य बोललीस. माझं तिथूनच सुटलं. त्याचा अर्थ काय गं?"